‘एक दिवस, एक पान’: केमोनंतर मला खरोखर उपयोगी पडलेली डायरी

ही डायरी कुठल्या नावाजलेल्या कंपनीची नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळते. ए-फाइव्ह आकार, जाड पुठ्ठ्याचं कव्हर, एका दिवसाला एक पान आणि पानाच्या डाव्या कडेला सकाळी सातपासूनचे तास छापलेले. साडेतीनशे रुपयांच्या आसपास किंमत. स्तनाच्या कॅन्सरची ट्रीटमेंट संपवून कामावर परत रुजू झाले तेव्हापासून मी हीच वापरते. ज्यांची केमो झालीय आणि आपलं डोकं पूर्वीसारखं चालत नाही असं ज्यांना वाटतंय, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

मी एका पतसंस्थेत ठेवींच्या काउंटरला बसते. पूर्वी खातेदार दारातून आत आला की त्याच्या पावतीची मुदत कधी संपते ते मला तोंडपाठ असायचं. केमोनंतर बेरजा-वजाबाक्या तशाच बिनचूक येत होत्या, व्याजही चुकत नव्हतं. पण पावती हातात असताना मागून साहेबांनी हाक मारली आणि मी वळून उत्तर दिलं, की आधीचं काम कुठवर आलं होतं ते साफ पुसलं जायचं. घरी किसणी हवी असली तर शब्दच यायचा नाही, हातानं नारळ किसल्याची खूण करायची. वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून संपेपर्यंत तिची सुरुवात निसटलेली असायची. सासूबाई प्रेमानंच म्हणायच्या, “अगं, वयानं होतंच असं. मनाला लावून नको घेऊस.”

हे वयानं होत नव्हतं. कॅन्सरच्या डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासायला लावलं, झोप कशी लागते ते विचारलं, मन उदास असतं का तेही विचारलं. यातल्या प्रत्येक गोष्टीनं विसरायला होतं आणि यातल्या बहुतेकांवर उपाय आहे, म्हणून ही पायरी कुणी गाळू नये. मग त्यांनी मला एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे पाठवलं. त्यांनी २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन अभ्यास मला नीट समजावून सांगितला. स्तनाच्या कॅन्सरच्या ५८१ बायका आणि कॅन्सर नसलेल्या ३६४ जणी, दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारले. केमोआधी आणि केमो संपल्यावर तुलना केली, तर पेशंट बायकांपैकी ४५ टक्क्यांना विचारशक्तीत ठळक घसरण जाणवली होती, दुसऱ्या गटात १० टक्क्यांना. सहा महिन्यांनंतरही पेशंटपैकी तिघींत एकीपेक्षा जास्त जणींना ती जाणवत होती. हे आकडे मी घरी सगळ्यांना बसवून सांगितले. त्यानंतर ‘लक्ष कुठंय तुझं’ हे वाक्य आमच्या घरातून गेलं.

डायरीच्या आधी मी फोनवर मेंदूच्या व्यायामाचं एक ॲप घेतलं होतं, वर्षाचे पैसे भरून. त्यातल्या खेळात माझे गुण वाढत गेले. काउंटरवर काडीचा फरक पडला नाही. मॅडमना आश्चर्य वाटलं नाही. त्या म्हणाल्या, “खेळ खेळून माणूस त्या खेळात तरबेज होतो. तुम्हाला खेळ कुठे खेळायचाय? तुम्हाला काउंटर सांभाळायचाय.” अमेरिकेत ल्युमॉसिटी नावाच्या अशाच खेळांच्या कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं फसव्या जाहिरातींचा ठपका ठेवला होता आणि जानेवारी २०१६ मध्ये कंपनीनं २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. ज्या दाव्यांवर आक्षेप होता त्यात केमोच्या दुष्परिणामांवर उपयोग होतो हाही दावा होता. आजारातून उठलेल्या बाईला कुणी अशी आशा विकावी याचा मला मनापासून राग येतो. सगळेच खेळ फुकट जातात असं मी म्हणत नाही, पण पैसे भरण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मॅडमनी सांगितलं, “ताई, सारखी स्वतःची परीक्षा घेऊ नका. आठवतंय का बघू, असं करायचंच नाही. लिहा आणि मोकळ्या व्हा.” सगळं एकाच ठिकाणी लिहायचं हा त्यांचा दंडक. चिठ्ठ्या नाहीत, हातावर नाही, पाकिटाच्या मागे नाही.

आता डायरीकडे येते. हिची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पानांचे खालचे कोपरे. तिथे टोचे पाडलेले आहेत, दिवस संपला की कोपरा फाडायचा. केमोतल्या पॅक्लिटॅक्सेल या औषधानं माझ्या बोटांची टोकं बधिर झालीत, पातळ कागद चिमटीत धरवत नाही, दोन-दोन पानं एकदम उलटतात. फाडलेल्या कोपऱ्यांमुळे अंगठा लावला की डायरी थेट आजच्या पानावर उघडते. तारीख शोधावी लागत नाही. बोटांचा हाच त्रास असेल तर सोबत जाड दांड्याचं बॉलपेन घ्या, बारीक पेन हातातून निसटतं.

पानाच्या तळाला मी आडवी रेघ मारते आणि खाली लिहिते ‘अर्धवट’. कुणी हाक मारली, फोन वाजला, की मान वर करण्याआधी तिथे एक ओळ. ‘४४१७, पावती छापली, सही बाकी.’ खातेदाराचं नाव कधीच नाही, फक्त खात्याचे शेवटचे चार आकडे. ओळ लिहीपर्यंत समोरच्याला “एक मिनिट हं” म्हणायचं. सुरुवातीला संकोच वाटायचा, आता सहकाऱ्यांनाही सवय झालीय. परत आले की ओळ वाचायची आणि काम तिथूनच पुढे न्यायचं. माझ्या दृष्टीनं अख्ख्या डायरीची किंमत या तळच्या चार ओळींत वसूल होते. संध्याकाळी निघताना ‘अर्धवट’ खाली न खोडलेलं काही राहिलं असेल तर ते उद्याच्या पानावर उतरवते, म्हणजे रात्री अंथरुणात त्याचा घोर लागत नाही.

डायरी सगळं करत नाही. रोजच्या हॉर्मोनच्या गोळीसाठी वारांची सात कप्प्यांची डबी आणि फोनचा अलार्म लागतोच, कारण डायरी उघडली नाही तर ती आठवण करून देणार नाही. गॅस बंद करताना मी मोठ्यानं “गॅस बंद केला” म्हणते, तेही मॅडमनीच शिकवलं. कानावर पडलेलं लक्षात राहतं. आणि रोजचं चालणं. चालून आल्यावरचे दोन तास माझं डोकं सगळ्यात स्वच्छ असतं, म्हणून किचकट कामं मी सकाळच्या रकान्यात टाकते आणि दुपारी तीननंतर फक्त फायली लावणं, शिक्के मारणं असलं काम ठेवते.

उणिवा सांगायच्या तर शनिवार-रविवार एकाच पानात कोंबलेत. घर सांभाळणाऱ्या बाईचा रविवार अर्ध्या पानात मावत नाही, मी तिथे जादा कागद चिकटवते. जेल पेनची शाई मागच्या पानावर उमटते. खुणेची रिबीन फार लवकर निघून येते, पण कोपरे फाडत गेलात तर तिची गरजही पडत नाही.

दिवाळीनंतर दुकानांत भरपूर माल असतो, मार्चमध्ये एप्रिल ते मार्चच्या डायऱ्या येतात. ट्रीटमेंट मधल्याच महिन्यात संपली असेल तर तारखा न छापलेली घ्या, म्हणजे नव्या वर्षाची वाट बघावी लागणार नाही. घेताना दुकानातच डायरी टेबलावर उघडून बघा. हात न लावता ती सपाट राहिली तरच घ्या.