सातव्या नंबरचा झेन

माझी भाची वन डायरेक्शन या इंग्रजी पॉप बँडची वेडी. मार्च २०१५मध्ये झेन मलिकने बँड सोडला तेव्हा ती नववीत होती, दोन दिवस धड जेवली नव्हती. बरोबर एक वर्षाने, २५ मार्च २०१६ला, त्याचा स्वतःचा पहिला अल्बम आला, 'माइंड ऑफ माइन'. तो तिनेच माझ्या कानात घातला. "मावशी, तू आधी सातवं ऐक," म्हणाली.

मी सांगलीत गाणं शिकवते. इंग्रजी पॉप मी फारसं ऐकत नाही. पण त्या सातव्यासाठी हा अल्बम मी इतक्या वेळा लावलाय, की आता त्याबद्दल लिहायलाच हवं.

'इंटरमिशन : फ्लॉवर' असं त्याचं नाव. पावणेदोन मिनिटांचा तुकडा. ठेका जवळजवळ नाहीच, मागे गिटार, आणि झेन चक्क उर्दूत गातो. प्रेमाचं फूल उमलत नाही तोवर जिवाला चैन नाही, एवढंच म्हणणं. हा मुलगा इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा. वडील पाकिस्तानी वंशाचे, आई इंग्रज. उच्चार काही उस्तादांकडे बसून घासलेले नाहीत. घरातल्या मोठ्यांकडून कानावर पडत आलेली भाषा जशी जिभेवर येते, तशी आलीय. मला ते फार आवडलं.

आणि गळा! 'मोहब्बत' म्हणताना तो स्वरावर सरळ जाऊन बसत नाही. किंचित वरून येतो, एक बारीक मुरकी घेतो आणि श्वासाबरोबर स्वर सोडून देतो. क्लासमध्ये मी मुलींना हे ऐकवलं. दोघींनी पेटीवर ती जागा शोधायचा प्रयत्न केला. मुख्य स्वर लगेच सापडले, मधलं काही केल्या हाती लागेना. गळा फिरतो तो असा, ऐकणाऱ्याला पत्ता लागू न देता.

हे ऐकून झाल्यावर मग पहिल्यापासून लावा. 'इट्स यू'मध्ये तो खोट्या आवाजात, म्हणजे फॉल्सेटोत, वर जातो तेव्हा तीच मुरकी आहे, फक्त शब्द इंग्रजी. 'फूल फॉर यू' पियानोवरचं गाणं, त्यातही ओळीच्या शेवटी तो तसाच सुटतो. बँडमध्ये पाच जण होते. एकेकाच्या वाट्याला दोन-चार ओळी यायच्या, आणि उंच स्वर आला की तो झेनकडे. एवढ्याशा जागेत हा गळा कळणार कसा? इथे निर्माता मॅले याने त्याला ऐसपैस जागा दिलीय. अमेरिकी गायक फ्रँक ओशनच्या 'चॅनल ऑरेंज' या अल्बमवर काम केलेला हाच तो. आवाजाभोवती मोकळीक कशी ठेवायची हे त्याला कळतं.

'पिलोटॉक' सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर आलेलं गाणं, अल्बमही दोन्हीकडे पहिला आला. मला मात्र त्यातला ध्रुवपदाचा गोंगाट जड वाटतो. आवाज मागे ढकलला जातो. शिवाय शिव्या आहेत, तेव्हा घरात लहान मुलं असतील तर जपून लावा. एकूण अल्बमच रात्रीचा, पलंगाचा आणि दारूचा आहे.

दहाव्या गाण्यानंतर मात्र अल्बम रेंगाळतो. 'बॉर्डर्स', 'ट्रुथ', 'लुकोझेड' ही लागोपाठ ऐकताना कुठलं संपलं आणि कुठलं सुरू झालं ते कळत नाही. तीच संथ लय, तोच धुरकट आवाज, एकावर एक चढवलेले त्याचेच सूर. त्याआधी 'राँग'मध्ये केलानी ही गायिका येते तेव्हा केवढं बरं वाटतं, दुसरा माणूस खोलीत आल्यासारखं. असं अजून एक-दोनदा व्हायला हवं होतं. आणि गाण्यांची नावं लहान-मोठी अक्षरं आलटून पालटून का लिहिलीत? वाचताना डोळ्यांना त्रास होतो.

घ्यायचाच तर १८ गाण्यांचा घ्या, १४चा नको. वाढीव चारमधलं 'लाइक आय वुड' हे नाचायला लावणारं गाणं आहे, आणि शेवटचा सगळा मरगळलेला भाग त्याने झटकला जातो. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, खालचे सूर सगळे गळून पडतात. मी पुण्याहून रात्रीच्या एसटीने येताना कानाला चांगले हेडफोन लावून ऐकला, तेव्हा कुठे तो मला पुरता ऐकू आला. कराड येईपर्यंत सातवं चार वेळा झालं होतं.

मुखपृष्ठावर त्याचा लहानपणीचा फोटो आहे, त्यावर आजचे टॅटू काढलेले. त्या पोराच्या कानावर तेव्हा घरात दोन्ही भाषा पडत असणार.

त्यानंतर २०२४च्या जानेवारीत कराचीच्या 'और' बँडबरोबर 'तू है कहाँ'मध्ये तो पुन्हा उर्दूत गायला. भाचीने रात्री साडेबाराला लिंक पाठवली, आणि मी उठून बसून ऐकलं. छान आहे, गळा आणखी पिकलाय. पण माझं पोट भरलेलं नाही. झेनने गिटार घेऊन बसावं, ठेका ठेवूच नये, आणि पावणेदोन मिनिटांच्या जागी पाऊण तास उर्दूत गावं. तो अल्बम निघाला, की पहिल्या दिवशी विकत घेणाऱ्यांत मी असेन.