परदेशात व्हॉलंटियरिंग करून क्रेडिट्स मिळतील म्हणून पैसे भरत असाल तर आधी हे वाचा

थोडं लांब होईल पण पूर्ण वाचा, खासकरून ज्यांच्या घरात सध्या सेकंड इयर थर्ड इयरची मुलं आहेत आणि ज्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर "परदेशात सेवा करा, क्रेडिट्स मिळवा" असली पोस्टर येतायत त्यांनी.

मी पुण्यात बीए सायकॉलॉजी करते, घर साताऱ्याला. नवीन शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून आम्हाला मेजर मायनरच्या जोडीला ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट, सीईपी म्हणजे कम्युनिटी एंगेजमेंट हे सगळं पूर्ण करावं लागतं आणि कुठल्या क्रेडिटचं (डिग्रीसाठी ठरावीक तासांच्या कामाचं जे एकक धरतात त्याचं) काय करायचं याबद्दल निम्म्या मुलांचा गोंधळ असतो, त्या गोंधळावरच या लोकांचा धंदा चालतो. डेक्कनला एका हॉलमध्ये अशा ट्रिप काढणाऱ्या एका सरांनी सेमिनार घेतला. कंबोडियात सिएम रीपला अनाथाश्रमात दोन आठवडे इंग्लिश शिकवायचं, त्याचे अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीचे 4 क्रेडिट्स मिळणार आणि ते थेट तुमच्या अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, म्हणजे विद्यार्थ्यांचे क्रेडिट्स ऑनलाइन साठवणाऱ्या सरकारी व्यवस्थेतल्या, अकाउंटला जमा होणार, असं स्क्रीनवर दाखवून सांगितलं. विमानाचं तिकीट धरून 1,65,000 रुपये. पप्पांनी एफडी मोडली. पैसे कंपनीच्या नाही, एका माणसाच्या पर्सनल अकाउंटला मागितले, जीएसटीचं बिल मागितलं तर "ताई, ते प्रोग्राम संपला की एकदम मिळतं" म्हणाले.

निघायच्या आदल्या दिवशी ग्रुपवर सूचना आली की इमिग्रेशनला शिकवायला आलोय असं बोलायचं नाही, फिरायला आलोय म्हणायचं. सगळ्यांचे टूरिस्ट व्हिसा काढलेले. कंबोडियात बिनपगारी काम असलं तरी टूरिस्ट व्हिसावर करता येत नाही, त्यासाठी वेगळ्या प्रकारचा व्हिसा लागतो, आणि पकडलं गेलं असतं तर दंड आम्ही भरला असता, हे सर तर पुण्यात बसून होते. कुठलाही आयोजक तुम्हाला विमानतळावर खोटं बोलायला सांगत असेल तर तिथेच थांबा, मग कितीही पैसे अडकलेले असोत.

तिथे गेल्यावर सकाळी दोन तास "शिकवणं" आणि मग दिवसभर मोकळं. अंकोर वाटचं प्राचीन मंदिर पॅकेजमध्ये धरलंय म्हणाले होते, पण गेटवर एका दिवसाचं 37 डॉलरचं तिकीट ज्याचं त्याने काढलं. संध्याकाळी पाहुणे आले की मुलांना नाचायला उभं करायचे आणि शेवटी डोनेशनचा डबा फिरायचा.

मला एक वही अजून डोळ्यासमोर दिसते. आठ नऊ वर्षांची मुलगी होती, तिची. पहिल्या पानावर कोणीतरी निळ्या पेनाने ए फॉर अ‍ॅपल काढून दिलेलं, चार पानांनी परत ए फॉर अ‍ॅपल, वेगळं अक्षर, वेगळं पेन, मग परत तेच, जवळजवळ अख्खी वही तशी. दर दोन आठवड्यांनी नवीन बॅच येते, त्यांना आधीचं काही माहीत नसतं, ते परत ए पासून सुरू करतात. ती मुलगी तिथे बरीच वर्षं होती आणि एक वाक्य वाचता येत नव्हतं. आणि तिची आई होती, गावाला, त्या मुलीनेच मला आईचा फोटो दाखवला.

परत आल्यावर वाचलं तेव्हा कळलं की हे काय एकट्या त्या आश्रमाचं नाही. युनिसेफने 2011 मध्ये कंबोडियाबद्दल जे प्रसिद्ध केलं त्यात आश्रमांतल्या चारपैकी तीन मुलांचे आई किंवा वडील किंवा दोघंही हयात होते, आणि 2005 ते 2010 या काळात आश्रमांची संख्या 154 वरून 269 झाली होती. पर्यटक आणि व्हॉलंटियर पैसे आणतात म्हणून गरीब घरातली मुलं आणून ठेवतात. ऑस्ट्रेलियाने 2018 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी हा प्रकार मुलांच्या तस्करीत धरला. म्हणजे आमच्या बॅचचे आईबाप एफडी मोडून पैसे देतायत आणि तिकडे त्या पैशासाठी लेकरं आईपासून लांब ठेवतायत, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

आता क्रेडिट्सचं. सर्टिफिकेट मिळालं, छान जाड कागद, सोनेरी शिक्का, "120 तास, 4 क्रेडिट्स". आपल्याकडे साधारण 30 तासांच्या कामाला 1 क्रेडिट धरतात, म्हणून त्यांनी 120 तास टाकले. दोन आठवड्यांत 120 तास म्हणजे रविवार धरून रोज साडेआठ तासांच्या वर काम, आणि आम्ही करत होतो दोन. कॉलेजच्या कोऑर्डिनेटर मॅडमनी ते हातात घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, हे ट्रान्सक्रिप्ट नाहीच." ट्रान्सक्रिप्ट म्हणजे युनिव्हर्सिटीचं अधिकृत गुणपत्रक. मग त्यांनी नीट समजावलं, ते सगळ्यांना कळायला पाहिजे. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थी स्वतः काही भरू शकत नाही आणि कुठली एजन्सी तर नाहीच, तिथे नोंदणी असलेली युनिव्हर्सिटी किंवा कॉलेजच क्रेडिट्स अपलोड करू शकतं. त्यामुळे "थेट जमा होतील" हे कोणी म्हणालं की समजायचं. आणि परदेशी युनिव्हर्सिटीचे क्रेडिट्स खरंच असतील तर त्या युनिव्हर्सिटीत तुमची नोंदणी होते, कोर्स कोड असतो, कोणीतरी प्राध्यापक तुमचं काम तपासतो आणि ट्रान्सक्रिप्ट युनिव्हर्सिटीकडून येतं. आम्हाला कोणी एक ओळ लिहायला सांगितली नव्हती. अमेरिकेतली मान्यताप्राप्त युनिव्हर्सिटी असेल तर तिथल्या शिक्षण खात्याच्या साइटवरच्या यादीत नाव सापडतं, फुकट शोधता येतं. आमच्या सर्टिफिकेटवरचं नाव तिथे नाहीये.

तरी तुम्हाला जायचंच असेल तर पैसे भरायच्या आधी कॉलेजकडून लेखी घ्या की या कामाचे इतके क्रेडिट्स, या हेडखाली, आम्ही देऊ. तोंडी नको, ईमेलवर घ्या. कॉलेज लिहून देत नसेल तर क्रेडिट नाही, विषय संपला. माझ्या रूममेटने एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेतून भोर तालुक्यातल्या गावात काम करून तिचे क्रेडिट्स घेतले, खर्च एसटीच्या तिकिटाचा. मला आता परत सीईपी करावं लागतंय.

पैशाचं म्हणाल तर सरांनी आधी फोन उचलला, मग "प्रोसेसिंग फी नॉन रिफंडेबल" असं पीडीएफ पाठवलं, मग ब्लॉक केलं. असं झालं तर वाट बघत बसू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर तितकी रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त, आमचे पैसे जाऊन महिने झाले होते म्हणून तिथून काही हाती लागलं नाही. ग्राहक आयोगात मात्र तक्रार करता येते, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे पप्पांना पुण्याच्या चकरा नाहीत, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही, फक्त दोन वर्षांच्या आत करायची. आम्ही साताऱ्यात केलीय. सेमिनारचं पोस्टर, ग्रुपवरची ती इमिग्रेशनवाली सूचना, ट्रान्सफरची एंट्री आणि मॅडमनी कॉलेजच्या लेटरहेडवर दिलेलं "हे क्रेडिट ग्राह्य नाही" असं पत्र, एवढं जोडलंय. आमच्या बॅचमधले अजून दोघं कागद गोळा करतायत, आणि ते सर गेल्या आठवड्यात कोल्हापूरला सेमिनार घेत होते, पोस्टरवर देश बदललाय, बाकी सगळं तेच.