साराभाई वर्सेस साराभाई: डायलॉग मायाचे पाठ असतात, पण गाडी साहिल ओढतो

जिओहॉटस्टारवर साराभाईचा पहिला सीझन आहे, आणि ज्यांनी फक्त रील्समध्ये मायाचं 'मिडल क्लास' ऐकलंय त्यांनी एकदा पहिल्या एपिसोडपासून बघाच, कारण रीलमध्ये नुसता पंच कापून येतो आणि या सिरियलची अर्धी मजा पंच पडून गेल्यावर तिच्या मोठ्या मुलाच्या, साहिलच्या तोंडावर असते. २००४ ला स्टार वन सुरू झालं तेव्हाची ही सिरियल, २००६ ला बंद पण झाली, टीआरपी यथातथाच होता. लोकांनी डोक्यावर घेतली ती नंतर, रिपीट लागायला लागली तेव्हा.

स्टोरी म्हणाल तर काही नाही. कफ परेडची पैसेवाली गुजराती फॅमिली, सासू माया, सून म्हणजे साहिलची बायको, नोएडाची मनीषा. हे नाव फारच साधं वाटतं म्हणून सासूबाईंनी परस्पर तिची मोनिशा करून टाकली (आमच्या मुलुंडला एकेका मजल्यावर दोन-दोन मनीषा निघतील, मायाला इथे आणली तर अख्ख्या बिल्डिंगचं बारसं घालेल). सासरे इंद्रवदन सुनेच्या पार्टीत, आणि बायकोला नि धाकट्या रोसेशला छळणं हाच त्यांचा फुलटाइम धंदा.

माया झालेल्या रत्ना पाठक शाह आवाज चढवतच नाहीत हो. शांतपणे 'मोनिशा बेटा' म्हणतात आणि समोरच्याची अशी काही सालं काढतात की बिचारीला कळायला दोन मिनिटं लागतात. त्यांच्यात आणि साहिल झालेल्या सुमीत राघवनमध्ये जेमतेम १४ वर्षांचं अंतर आहे, तरी आई-मुलगा म्हणून एकदाही खटकत नाही. आणि गंमत म्हणजे त्यांची सख्खी बहीण सुप्रिया पाठक म्हणजे खिचडीमधली हंसा, ती सिरियल पण आतिश कपाडिया-जेडी मजेठिया यांचीच. दीना पाठक यांच्या दोन मुली, एकीचं इंग्लिशशिवाय पान हलत नाही आणि दुसरी इंग्लिश शब्द ऐकला की प्रफुलला अर्थ विचारते!

इंद्रवदन झालेल्या सतीश शाह यांच्याबद्दल काय बोलायचं. १९८४ च्या ये जो है जिंदगीमध्ये हा माणूस दर एपिसोडला नवीन कॅरॅक्टर करायचा, इथे एकच मिळालं तर त्यात सगळं ओतलंय. रोसेश कविता म्हणायला उभा राहिला की कॅमेरा त्याच्यावर असला तरी तुम्ही इंद्रवदनकडे बघा, जिलेबीच्या कढईसमोर उभ्या असलेल्या पोरासारखा चेहरा असतो. २५ ऑक्टोबर २०२५ ला ते गेले, अंत्यसंस्काराला टीमने सिरियलचं टायटल साँग म्हटलं, तो व्हिडिओ मी अर्ध्यात बंद केला.

पण माझं म्हणणं साहिलबद्दल आहे. सगळे रोसेशची नक्कल करतात, मायाची करतात, साहिलची कोणी करत नाही कारण नक्कल करण्यासारखं त्याच्याकडे काही ठेवलेलंच नाही. आईचा टोमणा पडतो, तो हसू दाबतो, मग लक्षात येतं की बायको बघतेय, मग चेहरा सरळ, मग बाबांनी आगीत तेल ओतलं की हताश, आणि हे सगळं एका शॉटमध्ये, डायलॉग एक नाही. त्याला बायकोचा पसारा पण दिसतो आणि आईचा माज पण दिसतो, आणि दोघींवर जीव आहे, म्हणून ती भांडणं बघवतात. तो मधे नसता तर ही सून छळायची अजून एक सिरियल झाली असती. आपल्याकडे सुमीत म्हणजे लहानपणीचा फास्टर फेणे, नंतर २०१८ ला स्टेजवर हॅम्लेट केलं, तरी साहिलचं नाव निघालं की लोक 'हां तो पण होता' म्हणतात, हे डोक्यात जातं माझ्या. मजेठिया-कपाडियांना बहुतेक कळलं होतं, २०२१ ला वागले की दुनिया नव्याने काढली तेव्हा राजेश वागले म्हणून त्यालाच घेतलं. कफ परेडचा कॉस्मेटिक सर्जन थेट वागलेंच्या मिडल क्लास घरात, माया ऐकेल तर!

खटकलेलं पण सांगते. जावई दुष्यंत आला की मी फॉरवर्ड करते, तो करणारे देवेन भोजानी डायरेक्टर म्हणून मस्त पण ते प्रत्येक मशीन उघडून समजावत बसणं तिसऱ्यांदा बोअर होतं. मधले काही एपिसोड एकाच साच्यातले, मायाची पार्टी आणि मोनिशाचा घोळ. म्हणून सलग बसून बघू नका, जेवताना एक, बास. २०१७ चा दुसरा सीझन ओढून ताणून वाटला, सगळे स्वतःचीच नक्कल करतायत असं. आईला मात्र तो पण आवडला, तिला मोनिशाची बाजू घ्यायला अजून थोडे एपिसोड मिळाले ना, आता ती त्याच रूपाली गांगुलीला अनुपमामध्ये रडताना बघते आणि म्हणते हिला परत त्या इंद्रवदनच्या घरी पाठवा.

पाचपैकी साडेचार. अर्धा दुष्यंतचा कापला.