हॅम की आइस्क्रीम: सात महिने ऑनलाइन साथरोगशास्त्र शिकल्यावर

विकसनशील देशांतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी असलेला साथरोगशास्त्राचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पुरा केला. सात महिने लागले. मी रोगसर्वेक्षणात काम करते: दवाखान्यांतून येणाऱ्या नोंदी गोळा करायच्या आणि कुठं काही वाढतंय का ते बघायचं. थायलंडमध्ये १९८० साली सुरू झाला तसा क्षेत्रीय प्रशिक्षण कार्यक्रम मिळाला तर फारच चांगलं, कारण त्यात बहुतेक शिकणं प्रत्यक्ष कामावरच होतं. पण त्याला दोन वर्षं द्यावी लागतात. माझ्या जागी या नोंदी बघायला दुसरं कुणी नाही, त्यामुळे नोकरी सांभाळून शिकणं एवढाच पर्याय होता.

आधी स्पष्ट सांगते, व्हिडिओ लेक्चरं नसती तरी माझं फार अडलं नसतं. पहिल्या दोन महिन्यांत मी ती सगळी मन लावून पाहिली, वहीभर टिपणं काढली, प्रश्नमंजुषेत पूर्ण गुण मिळवले. तरीही हाताला काहीच येत नव्हतं, हे तिसऱ्या मॉड्यूलमध्ये कळलं.

त्यात ऑस्वेगोचा सराव होता. न्यूयॉर्क राज्यातल्या या परगण्यात १८ एप्रिल १९४० रोजी चर्चमधल्या जेवणानंतर विषबाधा झाली. जेवणाऱ्यांपैकी ७५ जणांशी तपासणाऱ्यांनी बोलून घेतलं, त्यातले ४६ आजारी होते. प्रत्येकानं काय खाल्लं याची यादी आपल्यासमोर असते आणि दोषी पदार्थ शोधायचा असतो. मी पाहिलं, हॅम (डुकराचं खारवलेलं मांस) खाल्लेल्या ४६ पैकी २९ आजारी, म्हणजे ६३ टक्के. लिहून टाकलं, हॅमवर संशय. दुसऱ्या दिवशी ट्यूटर मॅडमचं एवढंच उत्तर आलं: ‘आणि ज्यांनी खाल्लं नाही, त्यांचं काय?’

न खाल्लेले २९ होते आणि त्यातले १७ आजारी, ५९ टक्के. हॅम खा नाहीतर नका खाऊ, फरक नावालाच. मग व्हॅनिला आइस्क्रीमची ओळ काढली. खाल्लेल्या ५४ पैकी ४३ आजारी आणि न खाल्लेल्या २१ पैकी फक्त ३. इकडे ८० टक्के, तिकडे १४. भागाकार केला तर साडेपाच पटीहून जास्त. या पटीलाच रिलेटिव्ह रिस्क म्हणतात. तिची व्याख्या मला केव्हाचीच पाठ होती, पण ती समजली त्या दुपारी, आणि तीही मॅडमनी उत्तर न सांगता प्रश्न विचारला म्हणून.

जागतिक आरोग्य संघटनेनं ओपनडब्ल्यूएचओ हे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांचं संकेतस्थळ २०१७ मध्ये सुरू केलं, आणि एखाद्या रोगाची माहिती पटकन हवी असली की मी तिथंच जायचे. पण स्वतःच्या वेळेनं करायच्या अभ्यासक्रमात तुमची लाइन लिस्ट, म्हणजे एका ओळीत एक रुग्ण अशी यादी, उघडून कुणी बघत नाही. माहिती आणि कौशल्य यांत जे अंतर आहे ते इथं आहे. म्हणून कुठलाही कोर्स निवडताना मी आता एकच विचारते: माझा गृहपाठ कोण वाचणार, आणि किती दिवसांत?

तांत्रिक बाजू ठीक. सगळं मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीवर होतं, मजकूर मोबाइल ॲपमध्ये उतरवून नेट नसताना वाचता यायचा, आणि मी निम्मा अभ्यास तसाच प्रवासात केला. विश्लेषणासाठी एपी इन्फो वापरलं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचं हे मोफत सॉफ्टवेअर १९८५ साली आलं, साध्या संगणकावर नेटशिवायही चालतं. मात्र विश्लेषणाची मुख्य आवृत्ती विंडोजवरची. ज्यांच्याकडे फक्त फोन होता त्या सहाध्यायांनी दोन बाय दोनचे तक्ते (खाल्लं-न खाल्लं, आजारी-बरे) हातानं मांडले, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते माझ्याहून पक्के जमले.

आता तक्रारी. थेट सत्रं दोन-दोन तासांची, कमी वेगाच्या नेटवर नुसती अडकत. रेकॉर्डिंग मिळायचं, पण चर्चेत बोलायची संधी गेलेली असायची. त्याहून मोठी तक्रार उदाहरणांची. मृत्युदराच्या अख्ख्या मॉड्यूलमध्ये प्रत्येक मृत्यूची कारणासह नोंद होते असं गृहीत धरलं होतं. जिथं अनेक मृत्यू घरी होतात आणि कारण कुणी डॉक्टर लिहीत नाही, तिथं घरच्यांना विचारून कारण ठरवण्याची जी पद्धत आहे, व्हर्बल ऑटॉप्सी, ती एका परिच्छेदात उरकली. आमच्यासाठी तर तोच मुख्य धडा व्हायला हवा होता. अभिप्रायात मी हे सविस्तर लिहिलंय. प्रमाणपत्र माझ्या वरिष्ठांनी फाइलला लावलं, त्यापुढे काही झालं नाही.

पण पाचव्या महिन्यातल्या असाइनमेंटसाठी मी हा कोर्स पुन्हा केला असता. स्वतःच्या कामातल्या नोंदींवरून साथीचा आलेख, म्हणजे कुठल्या दिवशी किती जण आजारी पडले याचा, काढायचा होता. मी जुलाबाच्या रुग्णांचा काढला. दर आठवड्याला एक सुळका. मॅडमनी विचारलं, ‘तुमच्याकडे लोक सोमवारीच का आजारी पडतात?’ मी दोन दिवस त्यावर विचार केला. मग लक्षात आलं, आमच्या रजिस्टरमध्ये रुग्ण दवाखान्यात आल्याची तारीख असते, लक्षणं सुरू झाल्याची नसतेच. रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद, म्हणून सोमवारी गर्दी. वर्षानुवर्षं आम्ही साथीचा नव्हे, दवाखान्याच्या वेळापत्रकाचा आलेख काढत होतो.

दुसऱ्याच आठवड्यात पट्टी घेऊन रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला, ‘लक्षणं कधी सुरू झाली’. नर्सताईंना आधी ते जादा काम वाटलं. त्यांना दवाखान्यात आल्याच्या तारखेचा आणि लक्षणांच्या तारखेचा, असे दोन्ही आलेख शेजारी ठेवून दाखवले. काल आलेल्या १४ नोंदींपैकी ११ मध्ये ती तारीख भरलेली होती.