शाम्पूची वडी: स्वस्त, पण कशाच्या तुलनेत?

बाटलीतला शाम्पू सोडून शाम्पूची वडी वापरली तर प्लास्टिक टळते आणि पैसेही वाचतात, असे या वड्या विकणारे जवळजवळ सगळेच सांगतात. त्यांतील प्लास्टिकचा मुद्दा उघड आहे. पैशांचा मुद्दा मात्र हिशेब मांडून तपासण्यासारखा आहे, आणि या परीक्षणात मुख्यतः तोच तपासला आहे. शाम्पूच्या वेगवेगळ्या घडणीच्या आणि वेगवेगळ्या किमतींच्या वड्या, एक कंडिशनरची वडी आणि अंघोळीचे नेहमीचे साबण आमच्या पुण्यातल्या कोथरूडच्या घरी महापालिकेच्या पाण्यात वापरून पाहिले. त्यांतील काही माझ्या बहिणीच्या वाघोलीच्या घरीही वापरले. तिथे बोअरचे आणि टँकरचे पाणी येते. माझे केस खांद्याखाली येतात, यजमानांचे अगदी बारीक कापलेले असतात आणि सासूबाईंना आठवड्यातून एकदा तेल थापल्याशिवाय चैन पडत नाही, त्यामुळे तीन तऱ्हांचे केस घरातच उपलब्ध होते.

आधी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण दुकानात तो कोणी सांगत नाही. ‘शाम्पू बार’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून केलेला सरळ साबण, ज्यात शिकेकाई, रिठा, जास्वंद यांची पूड किंवा अर्क घातलेला असतो. हा प्रकार आपल्याकडे मुळीच नवा नाही. शिकेकाईच्या साबणाने न्हाणाऱ्यांची एक अख्खी पिढी घरोघरी आहे. दुसरी वस्तू म्हणजे सिंडेट, म्हणजे साबण नसलेल्या, प्रयोगशाळेत घडवलेल्या फेसकारी द्रव्यांची दाबून केलेली वडी. इंग्लंडमधील लश या कंपनीने लोकप्रिय केलेली वडी या दुसऱ्या जातीची. दोन्ही वड्या दिसायला सारख्या, वासाला सारख्या आणि पुष्कळदा किमतीलाही सारख्याच असतात.

ओळखायचे कसे, तर मागची बारीक अक्षरे वाचून. घटकांच्या यादीच्या सुरुवातीलाच सोडियम पामेट, सोडियम कोकोएट, सोडियम ऑलिव्हेट अशी नावे असतील किंवा ‘सॅपॉनिफाइड कोकोनट ऑइल’ असे लिहिले असेल, तर तो साबण होय. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट हे लांबलचक नाव पहिल्या क्रमांकावर असेल, तर ती सिंडेटची वडी. साबणाचा पीएच (आम्लता-अल्कता मोजण्याचे माप; आकडा 7 पेक्षा जितका जास्त तितके द्रव्य अल्कधर्मी) 9 ते 10 च्या घरात असतो आणि तो फार खाली आणता येत नाही, कारण आम्ल घातले की साबणच फुटतो. आपल्या टाळूच्या त्वचेचा पीएच साधारण साडेपाच असतो आणि केसाचा त्याहूनही कमी. अल्कधर्मी पाण्यात केसांवरचे खवले उघडतात, केस एकमेकांत अडकतात आणि विंचरताना तुटतात. सिंडेटच्या वडीचा पीएच मात्र त्वचेच्या जवळपास ठेवता येतो.

आता पाण्याकडे वळू, कारण या सगळ्या प्रकरणात माझ्या मते पाण्याचे महत्त्व वडीहून जास्त आहे. एका घरगुती उत्पादकाची ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून घेतलेली, जास्वंदीची, मूळची साबणाच्या जातीची वडी कोथरूडला बऱ्यापैकी चालली. केस थोडे राठ झाले, पण टाळू स्वच्छ झाली आणि तक्रारीला जागा उरली नाही. तीच वडी वाघोलीला वापरली तेव्हा फेस यायलाच वेळ लागला, आणि केस वाळल्यावर विंचरले तर फणीच्या दातांच्या मुळाशी पांढुरका, मेणचट थर जमलेला दिसला, जो नखाने खरवडून काढावा लागला. केसांना हात लावला की ते धुतलेच नाहीत असे वाटत होते. हा वडीच्या दर्जाचा दोष म्हणता येणार नाही. बोअरच्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून असा न विरघळणारा साका तयार करतात, आणि बादलीच्या कडेला जी रेघ उमटते ती याचीच. दोष म्हणायचा तर तो विक्रेत्याचा: पाकिटावर ‘सर्व प्रकारच्या पाण्यासाठी’ असे छापलेले होते, आणि विचारणा केल्यावर ‘केसांना सवय व्हायला वेळ द्या, आतली घाण बाहेर पडते आहे’ असे उत्तर मिळाले. केसांना सवय होते ही समजूत या धंद्यात फार पसरलेली आहे. पाण्यातला चुना मात्र कशालाही सवय म्हणून सोडून जात नाही. तांब्याभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून शेवटी केसांवरून ओतले तर हा थर बराचसा निघतो, हे खरे. पण दर वेळी ते करायचे असेल तर सोय कुठे राहिली? वाघोलीला सिंडेटची वडी वापरल्यावर असा थर आला नाही. ज्यांच्याकडे बोअरचे पाणी आहे त्यांनी साबणाच्या जातीची शाम्पूची वडी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पैसे. उत्पादक सांगतात की एक वडी दोन ते तीन बाटल्यांइतकी पुरते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वडी कोरडी करून अधूनमधून तोलली, तेव्हा माझ्या केसांना दर धुण्यामागे दीड ते दोन ग्रॅम खर्च होतो असे दिसले. सिंडेटची जी वडी मला सर्वांत आवडली ती 75 ग्रॅमची आणि 350 रुपयांची होती, म्हणजे ग्रॅमला साधारण चार रुपये सत्तर पैसे. त्या हिशेबाने एका धुण्याला सात ते सव्वानऊ रुपये लागतात. वाण्याकडे मिळणारी नेहमीच्या शाम्पूची 340 मिलिलिटरची बाटली 310 रुपयांना घेतली आणि दर वेळी आठ ते दहा मिलिलिटर वापरला, तर तिचाही खर्च सात ते नऊ रुपयेच येतो. म्हणजे बचत शून्य. याउलट सल्फेटविरहित (म्हणजे सल्फेट जातीची कडक फेसकारी द्रव्ये नसलेल्या, सौम्य) शाम्पूच्या, सलूनमधून घेतलेल्या 300 मिलिलिटरच्या, 750 रुपयांच्या बाटलीशी तुलना केली, तर तिथे एका धुण्याला वीस ते पंचवीस रुपये पडतात आणि वडी निम्म्याहून कमी खर्चात तितकेच सौम्य काम करते. स्वस्त पर्याय हे विशेषण या वडीला लागू पडते ते याच तुलनेत.

आणि सर्वांत स्वस्त पर्यायाचे नाव या चर्चेत कोणी घेतच नाही: पुडी. तमिळनाडूतील कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू छोट्या पुडीत भरून विकण्याची कल्पना रुजवली आणि 1983 मध्ये त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी चिक शाम्पू काढून ती गावोगावी पोहोचवली. आजही टपरीवर माळेसारख्या टांगलेल्या पुड्या एक-दोन रुपयांना मिळतात, आणि मिलिलिटरमागे त्या बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. महिनाअखेरीला हिशेब करणाऱ्या घराला साडेतीनशे रुपयांची वडी ‘परवडणारी’ म्हणून सुचवणे मला तरी धाडसाचे वाटते. पुडीचा प्रश्न पैशांचा नाही, कचऱ्याचा आहे. अनेक पदरी प्लास्टिकची ती चिटुकली पुडी भंगारवालासुद्धा घेत नाही आणि ती थेट नाल्यात जाते. वडी घ्यायची तर त्या कारणासाठी घ्यावी, आणि तसे सरळ म्हणावे.

वडी खरेदी करताना वजन नीट पाहावे. पुष्कळ वड्या दिसायला मोठ्या पण 50 किंवा 60 ग्रॅमच्याच असतात. पाकिटावर छापील किमतीशेजारी आता प्रति ग्रॅम दरही दिलेला असतो. तेवढा पाहिला तरी काम भागते. ग्रॅमला चार रुपयांच्या आत मिळणारी सिंडेटची वडी मला किफायतशीर वाटते. सात-आठ रुपयांच्या वर गेली तर ती केवळ सुगंधाची आणि डबीची किंमत समजावी.

हा सगळा हिशेब वडी कोरडी राहिली तरच खरा ठरतो. आपल्या न्हाणीघरात बादली आणि मग असतो, पाणी चहूकडे उडते, आणि साबणदाणी बहुधा नळाच्या शेजारी, नेमकी जिथे सर्वांत जास्त पाणी पडते तिथे असते. सिंडेटची वडी साबणापेक्षा लवकर पाणी पिते. रात्रभर ओल्या दाणीत राहिलेली वडी सकाळी उचलली तर तिचा खालचा थर शिऱ्यासारखा बोटांना लागतो आणि तो सगळा वाया जातो. पावसाळ्यात तर कोरडी जागा असूनही वडी वाळत नाही. कोकणात आणि मुंबईत हा त्रास याहून जास्त होणार हे उघड आहे. सोबत मिळणारी पत्र्याची सुबक डबी प्रवासापुरती ठीक, पण ओली वडी तिच्यात बंद करून ठेवणे म्हणजे नासवणे. मला लागू पडलेला उपाय असा: नवी वडी आणल्याबरोबर सुरीने तिचे तीन तुकडे करायचे, एकच तुकडा न्हाणीघरात उंचावरच्या जाळीच्या फळीवर ठेवायचा आणि बाकीचे कपाटात. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचा तुकडा खाली अंथरला तर पाणी झटकन निथळते. एवढी काळजी घ्यायला घरातील प्रत्येक माणूस तयार नसतो, आणि शाम्पूच्या वडीचे आयुष्य उत्पादकाच्या दाव्यावर नव्हे, तर न्हाणीघरातून शेवटी बाहेर पडणाऱ्या माणसावर अवलंबून असते.

तेल लावलेल्या केसांबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण परदेशी वड्यांचे कौतुक वाचून इथे खरेदी करणाऱ्यांचा अपेक्षाभंग होतो तो याच ठिकाणी. सासूबाईंच्या केसांना खोबरेल तेल भरपूर असते. पहिल्या हाताला वडी फिरवली की फेस येतच नाही, तेलकट पांढरे पाणी तेवढे निघते. दुसऱ्या हाताला कुठे फेस धरतो. खर्च तीन-चार ग्रॅमवर जातो आणि हिशेब पार कोलमडतो. ‘यापेक्षा माझी शिकेकाई बरी,’ हा त्यांचा शेरा मला मान्य करावा लागला. शिकेकाई, रिठा आणि आवळकाठी रात्री भिजवून, उकळून, गाळून घेण्याचा व्याप ज्यांना जमतो त्यांना तेल काढण्यासाठी वडीची गरज नाही. यजमानांच्या बारीक केसांना मात्र वडी अगदी नावापुरती झिजते. तळहातावर दोनदा फिरवली की काम होते, आणि तिथे उत्पादकाचा दावा जवळपास खरा ठरतो.

कंडिशनरच्या वडीने निराशा केली. सिटाइल अल्कोहोल, कोको बटर आणि बेहेनट्रिमोनियम मेथोसल्फेट असे तिचे घटक योग्यच होते, पण मेणासारखी घट्ट वडी केसांवर नुसती सरकत राहते. गरम पाण्यात बराच वेळ धरली तरच ती मऊ पडते. शॉवरखाली उभे राहणाऱ्याला हे जमत असेल, मगाने पाणी घेणाऱ्याला एका हातात वडी आणि दुसऱ्या हातात मग अशी कसरत करावी लागते. थंडीत तर ती दगड होते. ओलसर केसांच्या टोकांना खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळून जो परिणाम मिळतो, त्याहून फार काही या वडीने दिले नाही, आणि तिची किंमत शाम्पूच्या वडीइतकीच होती. कुरळ्या किंवा रंगवलेल्या केसांचा अनुभव वेगळा असू शकेल; तसे केस आमच्या घरात नाहीत.

अंघोळीच्या साबणाबाबत मात्र हिशेब इतका एकतर्फी आहे की त्यावर फार लिहिण्याचे कारण नाही. बॉडी वॉशची 250 मिलिलिटरची बाटली 200 रुपयांना घेतली आणि दर अंघोळीला आठ-दहा मिलिलिटर ओतला, तर सहा ते आठ रुपये जातात. चाळीस रुपयांची 100 ग्रॅमची वडी अंघोळीमागे रुपया-सव्वा रुपयात काम करते. द्रव साबण हातावर नेहमीच जास्त घेतला जातो. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हात धुण्यासाठी द्रव साबण सुमारे 2.3 ग्रॅम, तर वडी 0.35 ग्रॅम खर्ची पडते असा हिशेब मांडला होता. त्यातच 22 सप्टेंबर 2025 पासून साबणाच्या वडीवरील जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आणि द्रव साबणाला ती सवलत मिळाली नाही. शाम्पूवरील कर मात्र त्याच दिवशी बाटलीसाठीही 5 टक्क्यांवर आला, हेही लक्षात ठेवावे.

साबण घेताना पाकिटावर टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्धाम्लांचे प्रमाण पाहावे. भारतीय मानकानुसार पहिल्या श्रेणीच्या साबणात ते किमान 76 टक्के, दुसऱ्या श्रेणीत 70 आणि तिसऱ्या श्रेणीत 60 टक्के असावे लागते. ‘बेदिंग बार’ असे लिहिलेल्या वडीला किमान 40 टक्के पुरतात. ती वाईटच असते असे नाही, कारण काही बेदिंग बारमध्ये त्वचेला सौम्य असे सिंडेट मिसळलेले असते. पण टीएफएम कमी, सिंडेटही नाही आणि भाव पहिल्या श्रेणीचा, अशी वडी मात्र घेऊ नये. ती चार दिवसांत मधोमध चिरते. दिवाळीला उटण्याबरोबर आणलेली मोती साबणाची गोल वडी पुढे बराच काळ पुरते, कारण ती जाडजूड असते आणि तिचा फार थोडा भाग दाणीला टेकतो. चपट्या साबणाची निम्मी वडी तळातूनच विरघळून जाते.

प्रवासासाठी शाम्पूच्या वडीइतकी सोयीची वस्तू नाही. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात 100 मिलिलिटरच्या वरची बाटली चालत नाही. वडीला ते बंधन नाही, आणि ती सांडून कपडे खराब होण्याचा प्रश्नही येत नाही. प्रवासासाठी म्हणून काही उत्पादक 20-25 ग्रॅमच्या लहान वड्या विकतात. ग्रॅममागे त्या महाग पडतात, तरीही नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी तीच घ्यावी आणि आपल्या घरच्या पाण्यात धुऊन, केस पूर्ण वाळल्यावर फणी उजेडात धरून पाहावी. दात स्वच्छ दिसले तरच मोठी वडी मागवावी.