दंडघेर नऊ इंच : लातूरच्या एका ‘दांपत्य हृदय तपासणी’विषयी

गेल्या महिन्यात आम्ही उभयतांनी लातूरमधील एका खासगी केंद्रात ‘दांपत्य हृदय तपासणी’ करून घेतली. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण ज्या उणिवेबद्दल मला प्रामुख्याने लिहायचे आहे ती त्या एकाच केंद्रापुरती असेल असे मला वाटत नाही. दोघांचे मिळून ३,८०० रुपये घेतले आणि त्यात रक्तदाब, ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), ट्रेडमिल, साखर, कोलेस्टेरॉल आणि शेवटी डॉक्टरांशी भेट एवढे सगळे होते. हेच सुटे सुटे केले असते तर खर्च निश्चितच अधिक झाला असता.

चांगले ते आधी सांगते. दिलेल्या वेळेला आम्हाला आत घेतले, ईसीजीच्या खोलीत स्त्री तंत्रज्ञ होती व पडदा नीट लावलेला होता, आणि सगळे अहवाल त्याच दिवशी संध्याकाळी हातात पडले. ट्रेडमिलवर चालायचे आहे हे मात्र फोनवर कोणी सांगितले नव्हते. मी नऊवारीत नसले तरी सहावारीत गेले होते, आणि निऱ्या कमरेला खोचून पट्ट्यावर चालताना माझे निम्मे लक्ष हृदयाकडे नसून पदराकडे होते. जाणाऱ्या बायकांनी पंजाबी ड्रेस घालून जावे.

आता रक्तदाबाविषयी. जिना चढून दुसऱ्या मजल्यावर पोहोचताच (लिफ्ट बंद होती) मला एका उंच स्टुलावर बसवले. पाय अधांतरी, पाठीला टेकू नाही, हात मांडीवर सैल सोडलेला. तंत्रज्ञ मुलीने ब्लाऊजच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, बटण दाबले, आणि यंत्र फुगत असतानाच विचारले, “मावशी, घाबरायलाव का? काही होत नसतंय. सकाळपासून काय खाल्लं?” मी उत्तर दिले, यंत्राने १२८/७८ दाखवले, तिने लिहून घेतले. तोच पट्टा काढून तिने ह्यांच्या दंडाला लावला. ह्यांचे १२८/८० आले. ह्यांना ती ‘सर’ म्हणाली. मीही जिल्हा परिषदेच्या शाळेत तेवढीच वर्षे शिकवले आहे, पण ते असो.

मुलीचा स्वभाव गोड होता आणि तिच्या मागे रांग होती, म्हणून तिला दोष देण्याची इच्छा नाही. परंतु रक्तदाब मोजण्याचे नियम सर्वज्ञात आहेत : आधी पाच मिनिटे शांत बसवावे, पाठ टेकलेली व पावले जमिनीवर असावीत, दंड हृदयाच्या उंचीवर आधाराने ठेवावा, पट्टा उघड्या दंडावर बांधावा, मोजताना बोलू नये, आणि मिनिटभराच्या अंतराने निदान दोनदा मोजावे. यांतला एकही नियम पाळला गेला नाही.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा पट्ट्याचा आहे. माझा दंडघेर आमच्या शिंपिणीच्या वहीत वर्षानुवर्षे नऊ इंच असा लिहिलेला आहे, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर. ह्यांचा दंड घरी आल्यावर तिच्याच टेपने मोजला, तो साडेबारा इंच भरला. केंद्रातील पट्ट्यावर २७ ते ३४ सेंटिमीटर अशी खूण छापलेली होती; ह्यांना तो चपखल बसत होता, मला मोठा होत होता. पट्टा दंडाच्या मानाने लहान पडला तर रक्तदाब खोटा वाढलेला दिसतो आणि मोठा झाला तर खोटा कमी दिसतो. आपल्याकडच्या कितीतरी बायकांचे दंड माझ्यासारखेच काटकुळे असतात, तर काहींचे ३४ सेंटिमीटरच्या पलीकडचे. दोघींनाही एकच पट्टा लावून चालत नाही. माझ्या बाबतीत सैल सोडलेला हात आणि चाललेल्या गप्पा आकडा वर ढकलत होत्या, मोठा पट्टा तो खाली ओढत होता, आणि या ओढाताणीतून जे १२८ आले ते कशाचे माप होते हे कोणालाच सांगता आले नसते.

अहवालात मात्र दोघांच्याही आकड्यासमोर सारखेच हिरवे वर्तुळ व ‘नॉर्मल’ असा शेरा होता. आकडा बरोबर होता असे क्षणभर धरून चालू. तरीही स्त्री आणि पुरुष यांच्यात १२८ चा अर्थ तंतोतंत एकच असतो का, हा प्रश्न उरतोच. तरुणपणी स्त्रियांचा रक्तदाब साधारणपणे पुरुषांपेक्षा कमी असतो, पुढे तो अधिक वेगाने चढतो आणि पाळी थांबल्यानंतरच्या वर्षांत पुरुषांना गाठतो. २०२१ साली ‘सर्क्युलेशन’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील सीडर्स-सायनाय या रुग्णालयातील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावच्या प्रसिद्ध हृदय-पाहणीसह चार दीर्घकालीन पाहण्यांतील २७,५४२ स्त्री-पुरुषांची सरासरी २८ वर्षांची माहिती त्यात तपासली होती. वरचा रक्तदाब १०० च्या खाली असलेल्या स्त्रियांशी स्त्रियांची आणि तशाच पुरुषांशी पुरुषांची तुलना केली, तेव्हा हृदयविकाराच्या झटक्याचा धोका ११० ते ११९ रक्तदाबाच्या स्त्रियांत जितक्या पटीने वाढलेला दिसला, साधारण तितक्याच पटीने तो पुरुषांत १६० च्या पुढे वाढलेला होता. पक्षाघाताच्या बाबतीत स्त्रियांचे १२० ते १२९ हे पुरुषांच्या १४० ते १४९ शी जुळले.

येथे एक सावधगिरी हवी. ही वाढ आपापल्या गटातील कमी रक्तदाबाच्या लोकांशी तुलना करून मोजलेली आहे. समान वयात एकूण धोका सहसा पुरुषालाच अधिक असतो. म्हणून ११५ रक्तदाबाच्या बाईने घाबरून गोळी मागू नये, आणि डॉक्टरांनीही देऊ नये. उच्च रक्तदाबाच्या निदानाची रेषा आजही दोघांना एकच आहे : दवाखान्यात १४०/९०, घरी १३५/८५. अमेरिकेत ती १३०/८० आहे, पण तेथेही स्त्री-पुरुष असा भेद केलेला नाही. माझे म्हणणे एवढेच की रेषेच्या अलीकडच्या स्त्रीला हिरवे वर्तुळ देऊन घरी पाठवण्याआधी तिला चार प्रश्न विचारावेत.

ते प्रश्न अर्जात नव्हते. तंबाखू, दारू, साखर, घराण्यातील हृदयविकार हे सगळे विचारले होते, पण पाळी कधी थांबली, गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली होती का, यासाठी रकानाच नव्हता. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात आठव्या महिन्यात पाय सुजले, लघवीतून प्रथिने जाऊ लागली, आणि बीपी इतके चढले की रात्रीतून अंबाजोगाईला हलवावे लागले. प्रीएक्लाम्प्सिया हा त्याचा शब्द मला पुष्कळ वर्षांनी कळला. बाळंतपणानंतर तो विषय संपला असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात अशा स्त्रियांना पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो.

अहवालाच्या शेवटच्या पानावर संगणकाने काढलेला दहा वर्षांचा धोका टक्क्यांत दिला होता. बारकाईने पाहिले तर माझ्या पानावर ‘लिंग : पुरुष’ असे छापलेले होते. आधीच्या रुग्णाची नोंद बदलायची राहिली असावी. दुरुस्त करून घेतल्यावर माझी टक्केवारी खाली आली, आणि मी क्षणभर खूशही झाले. मग लक्षात आले की या हिशोबात वय, लिंग, तंबाखू, साखर, वरचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल एवढेच येते. अंबाजोगाईची ती रात्र त्यात कुठेच नव्हती.

त्यानंतर मी २२ सेंटिमीटरपासून बसणाऱ्या पट्ट्याचे यंत्र घेतले आणि सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोनदोनदा मोजून पहिल्या दिवसाचे आकडे सोडून दिले. दवाखान्याच्या धास्तीने बीपी वाढण्याचा प्रकार स्त्रियांत अधिक आढळतो, म्हणून घरचे आकडे कमी येतील अशी माझी खात्री होती. सरासरी १३६/८४ आली.

वही घेऊन पुन्हा केंद्रात गेले तेव्हा डॉक्टरांनी ती शांतपणे पानोपान वाचली, वेगळी फी घेतली नाही, स्वतः खुर्चीत बसवून दोन्ही दंडांवर मोजले, आणि बाळंतपणाची हकीकत अहवालात हाताने लिहून घेतली. लघवीची तपासणी आणि चोवीस तासांचे बीपी मापन सांगितले; गोळीचा निर्णय त्यानंतर. पायांवर सूज आणणारी आणि कोरडा खोकला आणणारी अशा बीपीच्या दोन्ही प्रकारच्या गोळ्यांचा त्रास स्त्रियांना अधिक होतो, हेही त्यांनी न विचारता सांगितले. ही दहा मिनिटे संपूर्ण पॅकेजमध्ये सर्वांत मोलाची होती आणि ती पॅकेजमध्ये नव्हती.

आहाराचा छापील कागद मात्र बदलायला हवा. त्यात चीज आणि सॉसेज टाळा असे लिहिले आहे. आमच्या घरी मीठ ठेच्यातून, लोणच्यातून आणि भाकरीबरोबरच्या शेंगदाण्याच्या चटणीतून येते, त्याचा उल्लेख नाही.

पुरुषांसाठी हे पॅकेज घ्यायला हरकत नाही, पैसे वसूल होतात. स्त्रियांनी घ्यावे, पण आपला दंडघेर आणि बाळंतपणाचे कागद बरोबर न्यावेत, सैल बाहीचे कपडे घालावेत आणि स्टुलावर बसण्यास नकार द्यावा. पाचपैकी ह्यांच्या वतीने चार तारे, माझ्या वतीने अडीच. लहान पट्टा मागवतो असे डॉक्टर म्हणाले आहेत. चोवीस तासांच्या मापनासाठी पुढच्या सोमवारी जायचे आहे, तेव्हा तो आला आहे का ते पाहीन.