शिगम्याच्या मिरवणुकीसाठी ड्रोन सेवा: उड्डाण चोख, कागद अर्धे

गोव्यातल्या शिगम्याचं ड्रोननं चित्रीकरण करून देणाऱ्या मडगावच्या या जोडीला पाचपैकी साडेतीन गुण, आणि तेही बहुतेक उडवण्याच्या पद्धतीला.

ड्रोन 250 ग्रॅमच्या वरचा, म्हणजे नोंदणी क्रमांक, विमा आणि धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतंच. क्रमांक, प्रमाणपत्र लगेच दाखवलं. विम्याची मुदत मात्र संपलेली! दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ असल्यानं ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणारा नकाशा त्याच दिवशी पाहावा लागतो. त्यावरच्या हिरव्या पट्ट्यात, म्हणजे आधी परवानगी लागत नाही तिथे, 400 फूट उंची चालते, पण विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फूटच.

खरं कौशल्य जागा निवडण्यात दिसलं. सिग्नल तुटला की ड्रोन सरळ रेषेत परततो, वाटेत माणसं आहेत का हे त्याला कळत नाही. म्हणून त्यांनी उड्डाणाची जागा मिरवणुकीच्या एकाच बाजूला, दोरी बांधून ठेवली. परतीची उंची माडांच्या आणि लायटिंगच्या खांबांच्या वर लावली. चित्ररथाचा लोखंडी सांगाडा आणि स्पीकरची चुंबकं होकायंत्र बिघडवतात, तेव्हा कॅलिब्रेशन, म्हणजे होकायंत्र जुळवून घेणं, दूर मोकळ्यावर केलं. गर्दीच्या डोक्यावर एकदाही नेला नाही, तिरप्या कोनातून घेतलं. रोमटामेळाचे, म्हणजे शिगम्यातल्या नाचत जाणाऱ्या मेळाचे, झेंडे तसेच जास्त खुलतात.

बॅटरी मात्र 15 टक्क्यांपर्यंत ताणली. समुद्राकडून वारा असताना 30 ला उतरायलाच हवं. बुकिंगआधी विम्याची चालू प्रत मागा.